हिराबाईंचा अंगठा

परवा आमच्या नौपाड्यातल्या मैदानात लाल मातीचा ट्रक रिकामा झाला. आवाज ऐकून मी गॅलरीत गेले आणि आत चहा गार झाला. मोठ्या स्पर्धा हल्ली मॅटवर होतात, पण गल्लीतल्या मंडळांना अजून माती लागते. पोरं घमेल्यांनी ती पसरत होती, एक जण नळीने पाणी मारत होता. तो ओला वास तिसऱ्या मजल्यापर्यंत आला आणि माझ्या तळहातांना घाम सुटला. साठी उलटलेल्या बाईला मातीच्या वासाने घाम फुटावा, हे काही बरं लक्षण नव्हे. डॉक्टरांना सांगितलं तर ते रक्तदाब तपासतील, म्हणून मी कागद पुढे ओढला.

लोकांना थंडीची चाहूल स्वेटरवरून लागते, मला ती दाखल्यांवरून लागायची. दिवाळीचा फराळ संपला की कबड्डीचा हंगाम सुरू व्हायचा तो थेट शिमग्यापर्यंत. तेवढे महिने आमच्या ऑफिसच्या जिन्यात खेळाडू, प्रशिक्षक, मामा, काका यांची रीघ लागायची. कुणाला संघातून वगळलेलं, कुणी एकाच हंगामात दोन मंडळांकडून खेळलेला, कुणी पंचाच्या अंगावर धावून गेलेला. पण जास्त करून भांडण वयाचं. कुमार गटात खेळायचं तर वय बसावं लागतं, आणि आमच्या खाडीकाठच्या गावांत जन्म ही तेव्हा नोंदवण्याची गोष्ट नव्हती. 'बंधारा फुटला त्या साली', 'काकाच्या लग्नात पोटात होता', अशा जन्मतारखा आम्ही लिहून घ्यायचो. त्यातून कोर्टाला चालेल अशी तारीख काढणं हे माझं काम होतं, आणि मी ते चांगलं करायचे.

या वाटेला मला लावलं टिपणीससाहेबांनी. साहेब खरेखुरे बॅरिस्टर, विलायतेला जाऊन आलेले. येताना त्यांनी पदवीबरोबर क्रिकेटचं वेड आणि भुरभुर पावसात छत्री न उघडण्याची सवय आणली. पण ठाण्यात क्रिकेटचे खटले कोण आणून देणार? आले ते कबड्डीचे आणि खो-खोचे. खेळाचा कायदा असं काही असतं हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. बाररूममध्ये मला बघितलं की एखादा म्हणायचाच, "काय लेले, आज कोणाची तंगडी धरलीत?" ऑफिसच्या पाटीवर 'बॅरिस्टर' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं, त्यामुळे गावाकडची माणसं त्या दारातून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला बॅरिस्टर समजायची. विलायत सोडा, मी तोवर गोवासुद्धा पाहिला नव्हता, पण दिव्यापासून कल्याणपर्यंत मी 'बॅरिस्टरबाई' झाले ती झालेच.

साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "अहो लेले, जमिनीचा खटला नातवापर्यंत चालतो, खेळाचा शनिवारपर्यंत. शनिवारी सामना असेल तर शुक्रवारी हुकूम हातात हवा. रविवारी मिळालेला न्याय चुलीत घालायच्या लायकीचा." म्हणून आमच्याकडे सगळं घाईत चालायचं. अशील खुर्चीत टेकायच्या आत मी टाइपरायटरमध्ये कागद चढवलेला असायचा. अर्धा प्रश्न विचारून झाला की पुढचं वाक्य माझ्या मनात तयार असायचं. या घाईचा मला गर्व होता, अगदी सरळ सांगायचं तर माज होता.

ज्या थंडीबद्दल मी लिहायला बसले आहे ती ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हाची. त्या वर्षी धुकं फार पडलं. खाडीवरून निघायचं आणि सकाळी स्टेशन ओलांडून पार नौपाड्यात शिरायचं. माणसं दिसायची नाहीत, त्यांचे आवाज तेवढे यायचे. दूधवाल्याची किटली वाजायची, हातगाडीचं चाक कुरकुरायचं, कुणीतरी खाकरायचं. मैदानात मंडळाची पोरं सराव करायची. दिसायचं कुणीच नाही. नुसतं 'कबड्डी कबड्डी कबड्डी' ऐकू यायचं, एकाच दमातलं, जवळ येत येत आणि मग मधेच तुटलेलं. तुटल्यावर पुढचा आवाज येईपर्यंत मी नकळत माझाही श्वास धरून बसलेली असायचे. आई आतून ओरडायची, "अगं, लाव ती खिडकी. मेलं काय ते, अंगावर काटा येतो."

तशाच एका सकाळी ती तिघं आली. नावं अर्थात मी बदलली आहेत. ज्या प्रकरणाचा सगळा घोळच नावाचा, त्यात आणखी खोटी नावं घालताना पेन जरा अडखळलं, पण इलाज नाही. कोपरच्या पलीकडे, खाडीला लागून असलेल्या कोळ्यांच्या गावातली ती माणसं. पुढे वामनकाका, गावच्या संघाचा प्रशिक्षक, बोलायला पटाईत. मागे त्याचा पुतण्या, संघाचा चढाईपटू, खांदे दारात मावत नव्हते पण नजर खाली. आणि त्याची आई हिराबाई. विधवा, बारकुडी, खुर्चीच्या अगदी कडेला बसलेली, जणू उठायला कुणी सांगेल याची वाट बघत.

प्रकरण सोपं होतं, निदान मला तसं वाटलं. मुलगा दामोदर या नावाने कुमार गटात नोंदलेला. शाळेचा दाखला हातात होता, त्याप्रमाणे वय बसत होतं. पण शेजारच्या गावाच्या मंडळाने हरकत घेतली, की हा दामोदर नव्हेच, हा त्याचा थोरला भाऊ भालचंद्र, तीन वर्षांनी मोठा. संघटनेने त्याचं खेळणं थांबवलं. शनिवारी उपांत्य सामना, आणि तो बघायला एका बँकेच्या संघाचे अधिकारी येणार होते. त्यांनी उचललं तर नोकरी पक्की. त्या घरात तोवर पक्कं असं फक्त भरती-ओहोटी होती.

मी विचारलं, "मग हा भालचंद्र कुठाय? त्याला उभा करा कोर्टात, मिटलं."

काका म्हणाला, "कुठून उभा करू? एक भाऊ कवाच गेला त्याचा."

मी हिराबाईंकडे वळले. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "येक पोऱ्या माझा खारीन गेला. होरीतून परला. गावला नाय."

खाडीत गेला, होडीतून पडला, सापडला नाही. प्रेत नाही म्हणून मृत्यूची नोंद नाही. सगळं बसत होतं. माझी बोटं टाइपरायटरवरच होती. मी म्हटलं, "थोरला ना? भालचंद्र?"

वकिली शिकताना पहिल्या वर्षी सांगतात, साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालू नये. मी ते घातलं. समोरचा वकील असता तर ताडकन उभा राहिला असता, पण माझ्याच ऑफिसात मला कोण अडवणार? हिराबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग मुलाकडे बघितलं. मुलाने खिडकीबाहेर बघितलं, आणि तिथे धुक्याशिवाय काहीच नव्हतं. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "लिवा तुमी."

मी लिहिलं. 'माझा थोरला मुलगा भालचंद्र हा दहा वर्षांपूर्वी खाडीत बुडून मयत झाला असून धाकटा दामोदर हा माझा एकुलता एक हयात मुलगा आहे.' वाचून दाखवलं. शाईचा पॅड पुढे केला. त्यांनी अंगठा पुढे केला आणि पॅडच्या वर तसाच धरला.

"बाय, कागदान लिवला का ता खरा होतं का?"

मला कल्याणला पोचायचं होतं. मी म्हटलं, "कोर्टात तसंच असतं."

त्यांनी अंगठा टेकवला. बाई उभं आयुष्य मासे निवडत आलेल्या, त्यामुळे अंगठ्यावर बारीक चिरा होत्या आणि कागदावर त्या सगळ्या उमटल्या.

हुकूम शुक्रवारी व्हायचा होता. गुरुवारी संध्याकाळी डोंबिवलीत एका मंडळाचा प्रदर्शनीय सामना होता, त्यात कुणाला हरकत घेता येत नव्हती, म्हणून आमचा मुलगा खेळणार होता. साहेब म्हणाले, चला, आपला अशील खेळतो कसा ते तरी बघू. आम्ही लाकडी बाकांवर बसलो. शेंगदाण्यांच्या पुड्या, माणसांच्या खांद्यांवर मफलर, बल्बच्या माळांभोवती धुक्याची वलयं. दिव्यांखाली माती रक्तासारखी लाल दिसत होती.

तो चढाईला गेला. कबड्डी एका दमात म्हणायची, दम तुटला की चढाई संपली, हे पोरासोरांनाही माहीत असतं. याचा दम तुटेचना. कोपरा, मध्य, पुन्हा कोपरा. समोरचे सात जण भांबावून नुसतेच मागे सरकत होते. माझ्या पुढच्या बाकावरचा म्हातारा हळूच म्हणाला, "हा श्वास घेतो तरी कधी?" मैदान शांत होत गेलं. त्या शांततेत तो एकसुरी आवाज चालूच होता, आणि तो त्याच्या छातीतून येत नाहीये, जमिनीखालून कुठूनतरी येतोय असं मला वाटलं. मी शेंगदाणे खायची थांबले.

तेवढ्यात मागून, शेवटच्या रांगेच्याही मागून, कुणीतरी हाक मारली. "भाल्या!"

त्याने मान वळवली. पूर्ण वळवली, ओळखीच्या आवाजाकडे माणूस वळवतो तशी. दम तुटला, पाय अडकला, तो पकडला गेला. गोंधळ माजला, शिट्ट्या वाजल्या. एवढा वेळ लोक "दामू, दामू" करून घसा कोरडा करत होते, तेव्हा त्याचा कानही हलला नव्हता.

हाक मारणारा प्रतिपक्षाचा कुणी असणार. पण मी मागे बघितलं तेव्हा शेवटच्या रांगेमागे रिकामी जागा होती आणि मग धुकं. मी साहेबांकडे बघितलं. साहेबांनीही बघितलं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. परत येताना आम्ही लोकलने ठाण्याला उतरलो आणि रिक्षा केली. माझं घर आल्यावर म्हणाले, "उद्या अकराला, कल्याण. उशीर करू नका."

"साहेब, मला जे दिसलं..."

"कोर्टाने तुम्हाला काय दिसलं ते विचारलंय का?"

नाही विचारलं. शुक्रवारी मी उभी राहिले. शाळेचा दाखला, आईचं प्रतिज्ञापत्र, समोर नुसती ऐकीव हरकत. न्यायाधीशांनी प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "आई खोटं कशाला सांगेल?" पाच मिनिटांत हुकूम झाला. बाहेर वामनकाकाने माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला. मुलगा दूर उभा होता. मी त्याला म्हटलं, "अभिनंदन, दामोदर." तो काही क्षण तसाच उभा राहिला, मग त्याच्या लक्षात आलं की मी त्याच्याशी बोलतेय.

शनिवारी ते जिंकले. बँकेने त्याला घेतलं. बाररूममध्ये माझा भाव वधारला, आणि त्यानंतर ठाणे-कल्याण पट्ट्यात वयाचं प्रकरण म्हटलं की लेलेबाई, असं ठरूनच गेलं. माझी सगळी कारकीर्द त्या अंगठ्यावर उभी आहे. लोक सत्कार करतात तेव्हा हे बोलता येत नाही. पेढा तोंडात असतो.

पुढच्या भाद्रपदात, पितृपक्ष संपत आलेला, तो एकटा ऑफिसात आला. अंगावर बँकेचा स्वेटर होता, भर उकाड्यात. बसला. टेबलावरची काच बोटाने पुसत राहिला.

"मॅडम, मी भालचंद्र."

"माहीत आहे," मी म्हटलं. तेवढं तरी खरं बोलले.

मग त्याने सगळं सांगितलं. दामू आठ वर्षांचा असताना बुडाला. भालू तेव्हा अकराचा, शाळा सोडून वडिलांबरोबर होडीवर जायला लागलेला. दामूला त्या दिवशी होडीत घेतलं होतं ते त्यानेच. प्रेत मिळालं नाही, आणि आई मानायला तयार नव्हती. महिनाभराने तिने दामूचं दप्तर भालूच्या खांद्याला अडकवलं आणि त्याला शाळेत पाठवलं. मास्तरांनी हजेरी घेतली. दामोदरचं नाव आलं. वर्गातली पोरं मागे वळून बघायला लागली. "मी म्हटलं, हजर. मास्तरांनी मान वर केली नाही. त्यांना पटावरचं एक पोर कमी करायचं नव्हतं. मग सातवीपर्यंत मी रोज हजर म्हटलं, मॅडम. शाळेत दामू, घरात भालू. घरात तर भालूच होतो ना."

मी पाणी पुढे केलं. ते त्याने घेतलं नाही.

"दरवर्षी पितरांत काका दामूच्या नावाने पान ठेवायचा कौलांवर. आई आतून बाहेर यायची नाही. आणि कावळा कधी शिवला नाही. दहा वर्षं. समोर जाळ्यांच्या खांबांवर कावळेच कावळे, पण एक खाली उतरायचा नाही. काका म्हणायचा, त्याची काहीतरी इच्छा राहिलीय. या वर्षी आईनेच पान वाढलं. पहिल्यांदा. म्हणाली, कोर्टात लिवलंय, भालू गेला, आता त्याला जेवायला घालायला पायजे. मला म्हणाली, दामू, तू वर ठेव, तुझा हात पोचतो." काचेवरचं बोट त्याने उचललं. "मी शिडीवर चढलो. माझ्याच नावाचं पान मी कौलांवर ठेवलं. हात मागे घ्यायच्या आत कावळा उतरला, मॅडम. माझ्या हाताला त्याचा पंख लागला."

रस्त्यावर भर दुपारची रहदारी होती, पंखा चालू होता. मी उठून तो बंद केला.

"आणि त्या कागदापासून दम तुटत नाही माझा. आधी माझा दम साधा होता, बाकीच्यांसारखा. आता मी थांबवायला जातो तर थांबत नाही. तो श्वास माझा नाहीये. पाण्याखाली धरून ठेवलेला असतो ना, तसा येतो." त्याने पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं. "मॅडम, ते मागे घ्या. मला घरात माझ्या नावाने राहायचंय. बाकी कायपण होऊ दे."

मी त्याला कायदा सांगितला. प्रतिज्ञापत्र खोटं ठरलं तर आईवर खटला होईल. नोकरी फसवणुकीने मिळवली म्हणून जाईल. जिंकलेला चषक जाईल, संघातली बाकीची पोरं अडकतील. माझ्यावर काय येईल ते मी सांगितलं नाही, पण माझ्या मनात पहिलं तेच आलं होतं. तो ऐकत राहिला. "आईला तुरुंगात?" एवढंच त्याने विचारलं. मी म्हटलं, "शक्यता आहे." आणि मग, बाकी सगळे वकील म्हणतात तेच मीही म्हटलं, "एवढा हंगाम जाऊ दे. मग बघू." खेळाच्या खटल्यात तारीख नसते म्हणून मी मिरवत होते. त्याला मी तारीख दिली.

नंतरच्या वर्षांत मी वयाची किती प्रकरणं लढवली ते आठवत नाही. हरले, जिंकले. पण उत्तर आत दडवलेला प्रश्न मी परत कधी विचारला नाही. अशील गप्प बसला तर मीही गप्प बसते. माझ्या हाताखालच्या मुली वैतागतात, "मॅडम, विचारा ना, शनिवारी सामना आहे." मी म्हणते, असू दे. त्यांना वाटतं बाईंचं वय झालं. खरी गोष्ट अशी की समोरचा माणूस गप्प बसला की मला तो अंगठा दिसतो, पॅडच्या वर धरलेला. आत्ताही, हे लिहिताना, खाली पोरांनी सराव सुरू केलाय. मी खिडकी लावून घेतली आहे.

भालचंद्रच्या त्या भेटीनंतर दोन वर्षांनी, नव्वदीच्या सुरुवातीला, तो लग्नाची पत्रिका द्यायला आला. पत्रिकेवर चि. दामोदर. यावेळी चेहरा जरा उजळलेला होता. मुलगी कोपरचीच, सुनंदा नाव. "तिला सगळं सांगितलंय," तो म्हणाला. "ती म्हणाली, मी तुमच्याच नावाने हाक मारणार. एक माणूस तरी होईल ना घरात, मॅडम." मला इतका आनंद झाला की मी त्याला पेढे दिले. खरं तर माझी सुटका झाली असं वाटून आनंद झाला. एका चांगल्या मुलीने माझं काम करून टाकलं होतं.

लग्नाला मी गेले. मिठागराच्या बांधावरून चालत जावं लागलं. दुपार कलली होती, भरती लागत होती, वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासात झेंडूचा वास मिसळला होता. पाण्यावरून धुकं यायला सुरुवात झालेली. मांडवात बँजो वाजत होता. पुढच्या खुर्च्यांवर बँकेच्या संघाचे व्यवस्थापक आणि दोन अधिकारी, हातात थंड पेयाच्या बाटल्या, शेजारी माझी खुर्ची. वरात आली. उंबऱ्यावर माप ठेवलं होतं. हिराबाई आरतीचं ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्या खूप थकल्या होत्या, पण हिरव्या लुगड्यात फार सुंदर दिसत होत्या. बायकांनी दार अडवलं.

"नाव घे गो, नाव घे!"

सुनंदाने एकदा नवऱ्याकडे बघितलं. हसली. आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"खाडीला आली भरती, होड्या लागल्या काठी,
भालचंद्रचं नाव घेते सासूबाईंसाठी."

बँजो थांबला. कुणी थांबवला नाही, आपोआप थांबला. गावातल्या निम्म्या माणसांना ठाऊक होतं, निम्म्यांना ठाऊक नसल्यासारखं करायची सवय झाली होती. वामनकाकाने डोकं धरलं. मी नवरदेवाकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. हाक ऐकू आलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

हिराबाईंनी ताट मागे घेतलं. त्या रागावल्या नाहीत. घाबरल्या. खाली वाकून, सुनेच्या कानाशी जाऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "त्याचा नाव नको घेव, पोरी. त्यो ऐकते." त्यांनी खाडीकडे बघितलं. धुकं आता होड्यांपर्यंत आलं होतं. "गेलेल्याला बोलावू नको. इतके वर्सांनी शांत झालाय."

"आई," नवरदेव म्हणाला. "आई, मी हाय ना."

"तू दामू हायस," हिराबाई म्हणाल्या. आणि मग त्या माझ्याकडे वळल्या. मांडवातल्या एवढ्या माणसांतून त्यांनी मला बरोबर शोधलं. "बाय, तुमी सांगा हिला. तुमी शिकलेल्या. तुमीच लिवला ना कागदान. कोन गेला?"

सगळी डोकी माझ्याकडे वळली. व्यवस्थापकांनी बाटली खाली ठेवली आणि विचारलं, "काय प्रकार आहे, मॅडम?" सुनंदा माझ्याकडे बघत होती, सरळ, भरवशाने. तिला वाटत होतं बाई आता खरं सांगतील, शिकलेल्या आहेत. आणि तो बघत होता. त्याने मला मान हलवून काही सुचवलं नाही, विनवलं नाही. नुसता उभा राहिला. मी बोलले असते तर त्याची नोकरी तिथेच, त्या खुर्च्यांसमोर गेली असती. हिराबाई आरतीच्या ताटासकट कोर्टात उभ्या राहिल्या असत्या. मीही राहिले असते. हे सगळं माझ्या डोक्यातून फार झपाट्याने गेलं. झपाट्याने विचार करण्याबद्दल मी तेव्हा प्रसिद्धच होते.

मी त्याच्याकडे बघत म्हटलं, "भालचंद्र गेला. खाडीत."

त्याने मान डोलावली. मला सोपं जावं म्हणून डोलावली.

सुनंदाने मान खाली घातली. डोळे भरून आले होते तिचे. तोच तिला हळूच म्हणाला, "घे." मग तिने पुन्हा, पहिल्यापेक्षा खूपच हलक्या आवाजात, तोच उखाणा घेतला, दामोदरचं नाव घालून. बायका हसल्या, हुश्श केलं, दार सोडलं. बँजो सुरू झाला. माप लवंडलं, तांदूळ आत घरंगळत गेले.

दारासमोरच्या भिंतीवर देवांच्या शेजारी एक फोटो होता, ताजा झेंडूचा हार घातलेला. दामूचा फोटो कधी काढलाच नव्हता. हा भालचंद्रचा होता, दहाव्या वर्षी जत्रेत काढलेला, उजव्या भुवईवर नवरदेवाची तीच खोक. हिराबाईंनी दोघांना त्याच्यासमोर उभं केलं आणि मायेने मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

"भावाच्या पाया पर, दामू."

आणि तो वाकला.